शुरीची प्रयोगशाळा आणि आठवीचं बीजगणित

'ब्लॅक पँथर' या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. सोळा वर्षांची शुरी आपल्या भावाला, म्हणजे वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजाला, नवा चिलखती पोशाख दाखवते आणि त्याला लाथ मारायला सांगते. बसलेल्या दणक्याची ऊर्जा पोशाख आत साठवून घेतो. मग ती म्हणते, पुन्हा मार, त्याच जागी. या वेळी ती चित्रणही करत असते, 'संशोधनासाठी'. साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते, राजेसाहेब मागे फेकले जातात आणि चित्रण पुसून टाकायला सांगतात.

वेण्या घातलेली काळी मुलगी, तिची स्वतःची प्रयोगशाळा, स्वतः घडवलेलं यंत्र आणि राजालाच प्रयोगाला जुंपण्याइतका मोकळेपणा. हॉलिवूडच्या पडद्यावर हे सगळं एकत्र फारसं दिसलेलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१८ला अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. शुरीला पाहून कृष्णवर्णीय मुली विज्ञानाकडे वळतील, हे वाक्य तेव्हापासून वारंवार ऐकू येतं. २०२२च्या दुसऱ्या भागात एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणारी, गॅरेजमध्ये उडता पोशाख बनवणारी रीरी विल्यम्स आली आणि त्या वाक्याला आणखी जोर चढला.

ते वाक्य अर्धंच आहे. मुलीच्या मनात इच्छा उगवेल इथपर्यंत चित्रपट तिला आणू शकतो. तिच्या शाळेत आठवीला बीजगणित मिळतं का, तिच्या हातात कोणी डायोड आणि मल्टिमीटर ठेवतं का, उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत राबल्याचे तिला पैसे मिळतात का, यावर पुढचं सगळं ठरतं. शुरीवर भरभरून लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे तिथपर्यंत पोचतात.

मराठी वाचकाला 'पँथर' म्हटलं की आधी १९७२ची मुंबई आठवते. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार आठवतात. दलित पँथरने नाव उचललं ते ऑक्टोबर १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचं. मार्व्हलचा कॉमिकमधला नायक पक्षाच्या काही महिने आधी, त्याच वर्षी छापून आला होता. चित्रपटाचा दिग्दर्शक रायन कूगलर ओकलंडचाच. कथेचा एक धागाही ओकलंडच्या वस्तीत सुरू होतो आणि शेवटी तिथेच येऊन मिळतो: राजा तिथल्या इमारती विकत घेतो आणि विज्ञानाच्या देवाणघेवाणीचं केंद्र बहिणीवर सोपवतो. खऱ्या ओकलंडमध्ये खऱ्या पँथरांनी १९६९पासून शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळची मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. उपाशी पोरं शिकत नाहीत, इतका तो साधा हिशेब होता. चित्रपट चालल्यावर डिस्नेने बॉईज अँड गर्ल्स क्लब्ज ऑफ अमेरिका या संस्थेला विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उपक्रमांसाठी १० लाख डॉलर दिले. त्या यादीत ओकलंडही होतं. गल्ल्याच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही ही रक्कम कमी. गल्ला सगळा निर्मात्याच्या खिशात जात नाही हे मान्य, तरीसुद्धा.

पडद्यामुळे माणसं विज्ञानाकडे वळतात का? सर्वांचा लाडका दाखला 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेचा. कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकल्स यांनी १९६६ ते १९६९ या काळात साकारलेली लेफ्टनंट उहुरा पाहत शिकागोत वाढलेल्या मे जेमिसन १२ सप्टेंबर १९९२ला एन्डेव्हर यानातून अंतराळात गेल्या. तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. गोष्ट सुरेख आहे, फक्त सांगताना तिचा मधला भाग नेहमी गळतो. १९७७मध्ये नासाने निकल्स यांनाच भरतीच्या कामाला लावलं. त्या देशभर हिंडल्या, विद्यापीठांत बोलल्या, अर्ज करा म्हणून लोकांच्या मागे लागल्या. १९७८च्या तुकडीत ३५ जण निवडले गेले, त्यांत पहिल्यांदाच सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. मालिका बंद पडून तोवर आठ वर्षं झाली होती. नुसत्या उहुराने नासाचा उंबरठा कोणी ओलांडला नव्हता. उहुराला पडद्यावरून उतरून अर्ज भरून घ्यावे लागले. जेमिसन यांची १९८७मध्ये निवड झाली तेव्हा त्यांच्याजवळ स्टॅनफर्डची केमिकल इंजिनिअरिंगची आणि कॉर्नेलची वैद्यकीय पदवी होती, हेही उहुराच्या कौतुकात बुडून जातं.

दुसरा दाखला 'एक्स-फाइल्स' या टीव्ही मालिकेतल्या डॉक्टर स्कलीचा. २०१८च्या एका पाहणीत विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या ६३ टक्के स्त्रियांनी स्कलीला आपला आदर्श म्हटलं. ही पाहणी करवून घेण्यात खुद्द फॉक्सचाच हात होता, म्हणजे मालिका ज्यांची त्यांचीच ही पाहणी. शिवाय विज्ञानाची ओढ आधीपासून असलेल्या मुलींनीच ती मालिका जास्त पाहिली असेल, ही शक्यता त्या आकड्यातून पुसली जात नाही. पडद्याचा परिणाम शून्य आहे असं यातून निघत नाही, पण ६३ टक्के हा आकडा हातात घेऊन शाळेचं बजेट कापायला निघणं मात्र धोक्याचं.

शुरीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल उत्साही मंडळी बोलायला नाखूश असतात. शुरी अलौकिक बुद्धीची आहे. पहिल्या चित्रपटात तिचं काहीही चुकत नाही. मणक्याला लागलेली गोळी, दुसऱ्या खंडातून चालवलेली मोटार, बिनआवाजाचे बूट, सगळं पहिल्याच झटक्यात जमतं. आदर्श व्यक्ती कोणाला चढवते आणि कोणाला खचवते यावर पेनेलपी लॉकवूड आणि झीवा कुंडा यांनी १९९७मध्ये केलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत. त्या व्यक्तीचं यश आपल्या आवाक्यातलं वाटलं तर माणूस उभारी धरतो. आवाक्याबाहेरचं वाटलं तर स्वतःला आणखी छोटा समजतो. २०१५मध्ये सारा-जेन लेस्ली, आंद्रेई चिम्पियान आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की ज्या विषयांत 'इथे उपजत प्रतिभाच लागते' अशी समजूत घट्ट आहे, त्या विषयांत पीएचडी करणाऱ्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय दोघेही कमी आढळतात. म्हणजे जी समजूत या मुलींना बाहेर ठेवते, तीच शुरीच्या चमत्कारांनी पक्की होण्याचा धोका आहे. प्रतिभा हवीच; फरक इतकाच की आता ती काळ्या मुलीकडेही असू शकते. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या, अपूर्णांकात अडखळणाऱ्या मुलीला यातून काय मिळालं?

न्यूयॉर्कमध्ये शॉडाँग लिन-सीग्लर आणि सहकाऱ्यांचा २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे फार कामाचा आहे. गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या नववी-दहावीच्या ४०२ मुलांना आइनस्टाइन, क्युरी आणि फॅरडे यांच्यावरचे उतारे वाचायला दिले. काहींच्या उताऱ्यांत या शास्त्रज्ञांच्या अडचणी आणि फसलेले प्रयत्न होते, काहींच्या उताऱ्यांत नुसती यशं. अडचणींचे उतारे वाचलेल्यांचे विज्ञानातले गुण सुधारले. यशोगाथा वाचणाऱ्यांचे सुधारले नाहीत. हा निकष लावला तर दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा उजवा ठरतो. तो सुरूच होतो शुरीच्या अपयशाने: भाऊ मरणाच्या दारात आहे आणि औषधी वनस्पती कृत्रिमरीत्या तयार करण्याची तिची धडपड फसते. पुढे ती जमते, पण वेगळा नमुना हाती लागल्यावर, पुन्हा मांडणी केल्यावर. वर्गात दाखवायला दोन चित्रपटांतून दहा मिनिटं निवडायची असतील तर ती इथून निवडावीत.

आणि शुरी राजकन्या आहे हेही विसरू नये. तिला प्रयोगशाळा वारशाने मिळाली आहे, खाली व्हायब्रेनियम या काल्पनिक धातूची अख्खी खाण आहे. रीरीकडे यातलं काही नाही. २०२५मध्ये आलेल्या तिच्या मालिकेत ती पैशासाठी इतरांचे प्रकल्प करून देते आणि एमआयटीतून तिला काढून टाकलं जातं. अतिमानवी चित्रविश्वात एखादीची अडचण फीची आणि सामानाच्या खर्चाची असावी, हा त्या सगळ्या पसाऱ्यातला बहुधा सर्वांत वास्तव धागा.

आता मूळ समजाकडे. मुलींना आवड नाही, म्हणून आवड निर्माण करा, असं सगळे गृहीत धरून चालतात. ही ओढ नवी नाही. फिलाडेल्फियातल्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६मध्ये डॉक्टर झाल्या, तिथूनच रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री १८६७मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. तेव्हा सिनेमाच नव्हता. प्रवेश देणारं एक कॉलेज होतं. आजच्या अमेरिकेतही विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय घेऊन पदवीला प्रवेश घेण्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या फार मागे नाहीत. गळती पुढे होते. कॅथरीन रीगल-क्रम्ब आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या अभ्यासात असे विषय घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ४० टक्क्यांनी विषय बदलला. गोऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. इच्छा घेऊन आलेली मुलं वाटेत गळत असताना इच्छेचाच आणखी एक डोस पाजणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

माठ फुटतो कुठे, तर बऱ्याच आधी, गणिताच्या वेळापत्रकात. अमेरिकी शाळांत गणिताचे विषय एकापुढे एक रांगेत असतात: बीजगणित एक, भूमिती, बीजगणित दोन, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. पाच विषय, पाच वर्षं. शाळा बारावीला संपते. मागे मोजत आलं की पहिलं बीजगणित आठवीला यायला हवं हे बोटावर कळतं. नववीला सुरुवात करणारी मुलगी कॅल्क्युलस न शिकता इंजिनिअरिंगच्या दारात उभी राहते, नाहीतर मध्ये एखाद्या वर्षी दोन विषय एकदम किंवा सुट्टीत एक विषय असा खटाटोप करते. हे तिला बारावीत कळतं. निर्णय मात्र सहावी-सातवीतच झालेला असतो, बहुतेकदा शिक्षकाच्या शिफारशीने, आणि त्या कागदावर सही करणाऱ्या आईला त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने २०११-१२ या वर्षाची देशभरातली आकडेवारी २०१४मध्ये जाहीर केली. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी सर्वांत जास्त असलेल्या हायस्कुलांपैकी चौथ्या हिश्शात बीजगणित दोन शिकवलंच जात नव्हतं आणि तिसऱ्या हिश्शात रसायनशास्त्र नव्हतं. त्याच आकडेवारीत आणखी एक ओळ होती: वर्षभरात १२ टक्के कृष्णवर्णीय मुलींना शाळेतून काही दिवसांसाठी तरी निलंबित केलं गेलं, गोऱ्या मुलींत २ टक्के. उलट बोलली, डोळे वर केले, असली कारणंही त्यात येतात. निलंबनाच्या दिवसांत वर्गात समीकरणं पुढे सरकतात. शुरी राजाला टोमणे मारते तेव्हा आपण हसतो. वर्गात तसं बोलणाऱ्या शुरीला घरी पाठवतात.

मिसिसिपीत १९६४मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जीव धोक्यात घातलेल्या बॉब मोझेस यांनी १९८२मध्ये बीजगणित प्रकल्प सुरू केला तो याच कारणाने. साठच्या दशकात मताचा हक्क जितका कळीचा, तितकंच आता बीजगणित, असं त्यांचं म्हणणं होतं. यावर एक स्वस्त, कंटाळवाणा आणि गुणकारी उपाय आहे: शिफारस बंद करा. वार्षिक परीक्षेत ठरावीक गुण पडले की मुलीचं नाव आपोआप वरच्या गणिताच्या वर्गात जावं. नको असेल तर पालकांनी लेखी कळवावं. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८मध्ये वरच्या श्रेणीत आलेल्या मुलांसाठी असा कायदा केला, टेक्सासने २०२३मध्ये पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्यांसाठी. या कायद्यांवर कोणी सिनेमा काढणार नाही.

मग चित्रपटाचं काय करायचं? तो वापरायचा, पण पोस्टरसारखा भिंतीवर चिकटवून ठेवायला नव्हे. चित्रपट पाहून आल्यावर आठवड्याच्या आत हातात काहीतरी पडलं पाहिजे. शाळेनंतरच्या क्लबात दोन तासांत जमेल अशी एक तासिका इथे नीट मांडते. शुरीच्या पोशाखाचीच ती खरी, बुटकी बहीण आहे.

लागते ती पिझो चकती. पितळेच्या पातळ चकतीवर पांढऱ्या सिरॅमिकचा थर असतो. चकती वाकली की दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. संगीत वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात आवाज काढणारी हीच. २७ मिलिमीटर व्यासाची, तारा आधीच जोडलेली घ्यावी. सोल्डरिंग तिथेच शिकवायचा मोह होतो, पण गरम टोक सिरॅमिकवर दोन-तीन सेकंदांहून जास्त राहिलं की चांदीचा मुलामा सुटतो आणि चकती वाया जाते. पहिल्याच दहा मिनिटांत वस्तू बिघडवली की मुलगी उरलेला वेळ हात मागे घेऊन बसते. जोडाच्या ठिकाणी चिकटपट्टी लावावी, तारा तिथेच तुटतात.

पहिली पायरी: चकतीच्या दोन तारांना एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांच्या उलट दिशेने जोडायचे. खोलीतले दिवे मंद करायचे. चकतीवर टिचकी मारली की एक रंग चमकतो, बोटाने दाबून सोडली की सोडताना दुसरा. दोन्ही अगदी क्षणभर. सोडल्यावर उलटा दिवा का लागतो, हा प्रश्न मुलींकडून येईपर्यंत थांबावं आणि आल्यावर निदान दहा मिनिटं उत्तर देऊ नये. काहीच चमकलं नाही तर बहुतेक वेळा चकती टेबलावर सपाट चिकटवलेली असते. वाकली नाही तर वीज नाही. बाटलीच्या झाकणाच्या कडेवर किंवा स्पंजवर ठेवली की काम होतं.

दुसरी पायरी साठवण्याची. १एन४१४८ क्रमांकाचे चार डायोड पुलासारखे जोडायचे, म्हणजे दाबतानाची आणि सोडतानाची, दोन्ही वीज एकाच दिशेने जाते. पुढे विद्युतभार साठवणारा १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर, मग पुशबटण आणि लाल एलईडी. बटण वगळायचं नाही. ते नसेल तर पावणेदोन व्होल्टच्या आसपास पोचताच एलईडीतून वीज झिरपत राहते आणि दिवा कधीच ठसठशीत चमकत नाही. 'सर्किट बरोबर आहे तरी चालत नाही' या तक्रारीचं सर्वांत सामान्य कारण हेच. त्यानंतरचं कारण उलटा लावलेला कपॅसिटर.

आता किती टिचक्या? इथे पाटी-पेन्सिल काढायची. चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड आणि एका टिचकीला २० व्होल्ट धरले तर एका वेळी ०.४ मायक्रोकुलोंब विद्युतभार मिळतो. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत न्यायला ३० मायक्रोकुलोंब लागतात. न गुणिले ०.४ बरोबर ३०. न म्हणजे ७५. ज्या समीकरणाला सातवीची मुलगी पुस्तकात कंटाळते, ते इथे तिची बोटं किती दुखणार हे सांगतं. मोठा कपॅसिटर चांगला असं वाटून कोणीतरी १०० मायक्रोफॅरडचा लावतंच. तिला थांबवू नये. फक्त आधी गणित करायला सांगावं: ७५० टिचक्या. ती स्वतःच बदलते.

प्रत्यक्षात आकडा ७५हून बराच जास्त येतो. डायोड थोडं व्होल्टेज खातात, सगळ्या टिचक्या सारख्या नसतात, कपॅसिटर झिरपतो, मल्टिमीटर कायम लावून ठेवला तर तोही थोडा विद्युतभार पितो. दर दहा टिचक्यांनी मीटर क्षणभर टेकवून वाचन लिहावं आणि आलेख काढावा. सुरुवातीला जवळपास सरळ रेघ, मग ती वाकू लागते. का वाकते, यावरचा वाद हा या दोन तासांतला सर्वांत मोलाचा भाग, तो वेळ संपला म्हणून कापू नये. शेवटी एक हिशेब फळ्यावर: ३ व्होल्टला कपॅसिटरमध्ये ४५ मायक्रोज्यूल साठतात, आणि तेवढ्यात १ ग्रॅम वजन अर्धा सेंटिमीटरही वर उचललं जात नाही. राजाला उडवायला व्हायब्रेनियम का लागतं, ते मुली तेव्हा स्वतःच सांगतात.

गट दोघींचाच ठेवावा. चौघींच्या गटात एकीचं अक्षर चांगलं असतं आणि ती दोन तास कारकुनी करते. दर वीस मिनिटांनी कामं बदलावीत. शिकवणाऱ्याने हात पाठीशी बांधावेत. चुकलेली जोडणी त्याने स्वतः काढून लावली की सर्किट चालतं पण मुलगी त्यातून बाहेर पडते.

सगळ्या मुलींना वीज भुरळ घालणार नाही. त्यांच्यासाठी चित्रपटातलं दुसरं दार शुरीच्या आईच्या, राणी रमोंडाच्या, डोक्यावर आहे. झुलू विवाहित स्त्रियांच्या इसिचोलो टोपीवरून घेतलेला तो मुकुट थ्रीडी प्रिंटिंगने बनला. वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी वास्तुविशारद जूलिया कर्नर यांच्यासह त्याची रचना केली आणि पोलिअमाइडची पावडर लेझरने थराथराने वितळवून तो छापला गेला. या पद्धतीत भोवतीची पावडरच जाळीदार नक्षीला आधार देते. शाळेतल्या साध्या प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकची तीच नक्षी कोसळते, कारण ४५ अंशांहून जास्त झुकलेल्या भागाखाली हवा असते. म्हणून क्लबात मुकुट नको, बांगडी करावी. २०१९मध्ये कार्टर यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. त्या विभागात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. शिवणकाम आवडणाऱ्या मुलीला भूमितीकडे नेणारा याहून सरळ रस्ता सापडणं कठीण.

याच ठिकाणी कोणीतरी विचारतं, फक्त काळ्या मुलींचंच एवढं का? विज्ञान सगळ्यांचं नाही का? उत्तर केसांत आहे. मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणाऱ्या ईईजीचे इलेक्ट्रोड डोक्याच्या कातडीला टेकावे लागतात आणि दाट, कुरळ्या केसांत ते नीट बसत नाहीत. त्यामुळे अशा केसांच्या माणसांची नोंद खराब येते किंवा घेतलीच जात नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने केस घट्ट वेण्यांत बांधून वेण्यांच्या मधल्या भांगात टेकतील असे इलेक्ट्रोड तयार केले. यंत्र तयार करणाऱ्यांना वेण्या कशा घालतात हे माहीत नव्हतं, तिला लहानपणापासून माहीत होतं. जॉय बुओलाम्विनी यांनी टिमनिट गेब्रू यांच्यासह २०१८मध्ये चेहरा पाहून लिंग ओळखणाऱ्या संगणकप्रणाल्या तपासल्या, तेव्हा उजळ पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के चुका निघाल्या आणि काळसर वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ज्यांचे चेहरे तपासणीत नव्हते त्यांच्यापैकीच कोणीतरी तपासणी करेपर्यंत ती चूक चूक म्हणून दिसलीच नव्हती. बुओलाम्विनी यांना लहानपणी पडद्याने ओढलं होतं हे खरं; पण तो पडदा टीव्हीचा आणि त्यावर एमआयटीतला किस्मत नावाचा खराखुरा यंत्रमानव होता.

राहिला पैशाचा प्रश्न. करोनाच्या लशीमागच्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या किझ्मेकिया कॉर्बेट शाळकरी असताना सुट्टीत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. ते शक्य झालं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या प्रोजेक्ट सीडमुळे. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना हा उपक्रम प्रयोगशाळेतल्या कामाचं विद्यावेतन देतो. हा शब्द महत्त्वाचा: विद्यावेतन. सुट्टीत बर्गरच्या दुकानात उभं राहून घरी पैसे द्यावे लागणारी मुलगी फुकटच्या 'अनुभवा'साठी येऊ शकत नाही, मग तिने शुरी दहा वेळा पाहिलेली असो. पुढे कॉर्बेट बॉल्टिमोरजवळच्या विद्यापीठात मायरहॉफ शिष्यवृत्तीवर शिकल्या. १९८८मध्ये फ्रीमन राबाउस्की यांनी सुरू केलेल्या या योजनेत कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवडे मुलं एकत्र राहून गणित-विज्ञान करतात, गटाने अभ्यास करतात आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत शिरतात. एकटीने झगडणाऱ्या प्रतिभावंताची कल्पना तिथे मुद्दाम मोडली जाते. पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांनी ती योजना उचलली आणि तिथेही ती चालली.

चित्रपटातली रीरी जिथे शिकते त्या एमआयटीतून १९७३मध्ये शर्ली अ‍ॅन जॅक्सन भौतिकशास्त्रात पीएचडी झाल्या. तिथे पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. रीरी पडद्यावर आली २०२२च्या नोव्हेंबरात. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यावर बंदी आणली. त्यानंतरच्या पहिल्याच तुकडीत, २०२४च्या प्रवेशांत, एमआयटीतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात या मुलांची विज्ञानाची आवड निम्म्याहून कमी झाली, असं कोणी म्हणणार नाही.

२०१८च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मुलांना 'ब्लॅक पँथर'ची तिकिटं काढून देण्यासाठी वर्गणी सुरू झाली आणि ते लोण पाहता पाहता देशभर पसरलं. फेब्रुवारीत चित्रपट आल्यावर क्लबांनी, चर्चांनी अख्खी चित्रपटगृहं भरून मुलं नेली. फेब्रुवारी हा अमेरिकेतल्या अनेक शाळांमध्ये पुढच्या वर्षीचे विषय निवडण्याचाही महिना असतो. तिकिटं वाटली जात होती त्याच आठवड्यांत सातवीच्या मुलींच्या दप्तरांतून गणिताच्या वर्गाचा फॉर्म घरी जात होता, बहुतेक वेळा आधीच खूण करून. पुढचा असा चित्रपट येईल तेव्हा बसमध्ये चढताना प्रत्येकीकडून तो फॉर्म मागून घ्यावा, आठवीच्या बीजगणिताच्या चौकोनात खूण आहे का ते पाहावं, नसेल तर आईला त्याच संध्याकाळी फोन करावा. तिकिटाबरोबर तेवढी यादी आणि एक पेन लागतं.